सासऱ्यांसाठी वीस काडतुसं

तोंडात घास असताना बोलायचं नाही, हे मला आईने शिकवलं होतं. तोंड रिकामं असतानाही बोलायचं नाही, हे शिकवायचं तिच्याकडून राहून गेलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे झालं.

सप्टेंबरातला दुसरा रविवार होता. माझे सासरे सेल्मर बाक्कन नेहमीप्रमाणे आमच्या जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसले होते. वय चौऱ्याऐंशी. गाई विकून दहा वर्षं झाली तरी अजून पहाटे साडेचारला उठतात आणि उरलेला दिवस आमच्यासारख्या उशिरा उठणाऱ्यांची कीव करण्यात घालवतात. वसंतापासून त्यांच्या ट्रकचे गिअर कुरकुरत होते, म्हणून माझी बायको आर्डिस त्यांना दर रविवारी शेतावरून घेऊन यायची आणि परत पोचवायची. बटाट्यांचं भांडं एकदा सगळ्यांकडून फिरून आल्यावर सेल्मरनी खिशातून पुठ्ठ्याची जुनी डबी काढली, उघडली आणि टेबलावर उपडी केली. तिच्यातून काहीच पडलं नाही.

"संपली," ते म्हणाले. "शेवटचं काडतूस गेल्या वर्षी उडवलं. दुकानवाला म्हणतो, या मापाची आता येत नाहीत, आणि कारखाना पुन्हा कधी काढेल ते त्यालाही ठाऊक नाही. तेव्हा यंदापासून मी हरणाला जायचा नाही."

आता हे वाक्य आमच्या विस्कॉन्सिनात किती मोठं आहे ते सांगायला हवं. नोव्हेंबरातल्या ज्या शनिवारी हरणांची शिकार सुरू होते, त्या आठवड्यात आमच्याकडे लग्नं ठरत नाहीत. कुणाला मरायचंच असेल तर तो शुक्रवारच्या आत मरतो, कारण शनिवारी शवपेटी उचलायला पुरुष मिळत नाहीत. सेल्मर वयाच्या सोळाव्या वर्षापासून एकही वर्ष न चुकता वडिलांची बंदूक घेऊन, आणि माणूस हरीण वाटू नये म्हणून सगळेच घालतात तसे भडक केशरी कपडे घालून, त्या शनिवारी रानात गेले होते.

"दुसरी एखादी बंदूक घ्या ना," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना दुसऱ्याच्या कवळीने जेवायला सांगितलं होतं. आर्डिस उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे नळ बराच वेळ चालू राहिला, आणि ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ते डोळे पाहून मी म्हणालो, "मी भरून देईन तुम्हाला."

काडतूस भरणं ही आमच्याकडे काही अचाट गोष्ट नव्हे. काडतूस उडलं तरी त्याची पितळी पुंगळी शाबूत राहते. ती पुन्हा मापात दाबायची, बुडाची ठिणगीची टोपी बदलायची, आत मोजून दारू घालायची, वर नवी गोळी बसवायची, की झालं. गावातली निम्मी तळघरं याच कामाला लागलेली असतात. उरलेल्या निम्म्यांत माझं होतं. मी जिल्हा कचेरीत जमिनीचे जुने नकाशे सांभाळतो. माझ्या हातून आजवर काही फुटलेलं नाही, पण काही तयारही झालेलं नाही.

"तू?" सेल्मर म्हणाले.

"मी."

"वेंडेल, तू गेल्या उन्हाळ्यात पाखरांसाठी एक घर टांगलं होतंस."

"ते वाऱ्याने पडलं."

"पाखरं आत असताना पडलं," ते म्हणाले आणि बटाटे खाऊ लागले. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी त्यांना नावाने हाक मारतो, कारण तसं त्यांनीच सांगितलंय. मनातल्या मनात मात्र मी त्यांच्यापुढे अजून टोपी काढून उभा असतो.

भांडी घासताना आर्डिस माझ्याजवळ आली. "खरंच करशील?" तिने विचारलं. "रानात जायचं बंद झालं ना, की बाबा खिडकीतल्या खुर्चीत बसतील. आणि एकदा बसले की पुन्हा उठायचे नाहीत. आजोबांचं तसंच झालं होतं." मी ओल्या हातांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, यंदाच्या शनिवारी तुझे बाबा आपलीच बंदूक घेऊन रानात जातील. म्हणताना माझा आवाज इतका खोल आणि भरदार लागला की मलाच तो ओळखू आला नाही.

पुढचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले, कारण त्या काळात मी काहीच केलं नाही. मी फक्त माहितीपुस्तकं मागवली. कचेरीतून आलो की न्हाणीच्या टबात बसायचो आणि पानं उलटायचो. बाहेर मक्याची शेतं पिवळी पडत होती, खिडकीच्या काचेवर वाफ धरत होती, आणि पानापानावर काडतुसं भरायचे प्रेस उभे होते: हिरवे, लाल, निळे, लांब दांड्यांचे, चाकांचे. एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस. डोकं फिरवून चार साचे आळीपाळीने पुढे आणणारा प्रेस. आणि दांडा एकदा ओढला की पाच कामं एकदम उरकून तासाला पाचशे काडतुसं बाहेर टाकणारा राक्षसी प्रेस. मला वीस हवी होती. पण पाचशेच्या प्रेससमोर मी डोळे मिटून बराच वेळ बसायचो. मला आमचं तळघर दिसायचं, पण त्यात गळका पाइप नसायचा. पिवळा दिवा असायचा, ओकचं टेबल असायचं, मी कातडी एप्रन घालून उभा असायचो, आणि माझ्यासमोर काडतुसांची रांग लागलेली असायची. सेल्मर हळूच जिना उतरून यायचे, एक काडतूस उचलून उजेडात धरायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला इतकं गोड लागायचं की पाणी पार गार होईपर्यंत मी उठायचो नाही.

"आत काय चाललंय?" आर्डिस दारावर थाप मारून विचारायची.

"निवड चाललीय," मी सांगायचो.

आमच्या शेजारी एल्रॉय झॅस्ट्रो राहतो. तो चाळीस वर्षं काडतुसं भरतोय, आणि मी भरणार आहे हे त्याला कुणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. एका संध्याकाळी तो कुंपणापाशी आला आणि सप्टेंबर संपेपर्यंत तिथेच उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल. "हे बघ लेका, सुरुवात करणाऱ्याने एकाच कामाचा प्रेस घ्यावा," तो म्हणाला. "बिडाचा. जड. पायावर पडला तर बोट जावं, इतका जड." मी ते लिहून घेतलं. पेट्रोल पंपाच्या कॉफीच्या टेबलावर मात्र एल्रॉयचं नाव काढताच बाकीचे पाच जण हसले. एक म्हणाला, फिरत्या डोक्याचाच घे. दुसरा म्हणाला, प्रेस कुठलाही घे, खरी मेख साच्यात आहे. तिसरा म्हणाला, साचे सगळे सारखेच, खरी मेख काट्यात आहे, दारू मोजायच्या. चौथ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे सगळे गाढव आहेत. पाचवा काहीच बोलला नाही, आणि घरी आल्यावर मला त्याचंच म्हणणं सगळ्यात पटलं.

सेल्मर मात्र बदलले होते. एरवी मी खिळा ठोकायला घेतला की हातोडी काढून घेणारा हा माणूस आता आठवड्यातून दोनदा फोन करायचा.

"कुठवर आलं?"

"प्रेस निवडतोय. एक-दोन दिवसांत ठरेल."

"एक-दोन दिवसांत कसं ठरेल? सगळे प्रकार बघ. अजून एखादं दुकान पालथं घाल. ही घाईने करायची गोष्ट नाही," ते म्हणायचे, आणि मी फोन ठेवताना हरखून गेलेला असायचो. एकतीस वर्षांनी का होईना, त्यांना माझ्या चोखंदळपणाची किंमत कळली होती.

काट्याचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. शहरातल्या दुकानात दोन प्रकार होते. एक जुन्या पद्धतीचा, दांडीचा; दुसरा विजेवरचा, आकडे दाखवणारा. दुकानदार दांडीच्या काट्याच्या प्रेमात होता. "इतका नाजूक आहे, की कागदावर सही केलीत तर शाईचं वजन दाखवतो," तो म्हणाला. त्याने कागदाचा कपटा पारड्यात ठेवला, दांडी सरळ केली, कपटा काढून माझ्यापुढे धरला आणि हातात जाड शाईची लेखणी दिली. मी ऐटीत सही केली. कपटा पुन्हा पारड्यात ठेवला. दांडी जागची हलली नाही. दुकानदार खाकरला आणि म्हणाला, कधीकधी होतं असं. मग सोबत आलेल्या आर्डिसने त्याच कपट्यावर सही केली, आणि दांडी सावकाश, मोठ्या आदराने खाली झुकली. शेवटी मी विजेवरचा काटा घेतला. तो आमच्या तळघरात भट्टीचा पंखा सुरू झाला की रिकाम्या पारड्याचंही वजन दाखवायचा, पण निदान त्याला माझ्या नावाशी देणंघेणं नव्हतं.

ऑक्टोबर लागला आणि कायदा आडवा आला. आमच्या वसाहतीच्या रहिवासी मंडळाचा चौदावा नियम असा आहे, की कुणीही आपल्या तळघरात कसल्याही वस्तूचं उत्पादन करू नये. कुणा बाईने मेणबत्त्या काढायला सुरुवात केली होती आणि अख्ख्या गल्लीला लॅव्हेंडरचा वास येऊ लागला होता, तेव्हा हा नियम झाला. तो मी लिहिला होता. मंडळाचा चिटणीस मीच आहे. नियमभंग दिसला की चिटणीसाने सात दिवसांत रहिवाशाला पत्र पाठवावं, हेही मीच लिहिलं होतं. मी दोन रात्री तळमळलो आणि शेवटी स्वतःला पत्र लिहिलं. ते टपालाने आलं. टपाल घेताना मी सहज म्हणून उघडलं, आणि खरं सांगतो, मला त्यातली भाषा लागली. इतक्या वर्षांच्या रहिवाशाशी कुणी असं बोलतं का? मी त्याच दिवशी चिटणीसाला खरमरीत उत्तर पाठवलं.

मंडळाची बैठक भरली. अध्यक्षा मर्ना डीट्झ यांनी दोन्ही पत्रं मोठ्याने वाचली.

"वेंडेल, हे दोघं तुम्हीच ना?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"कागदोपत्री वेगवेगळे आहोत," मी म्हणालो.

"वास येणार आहे का?"

"नाही."

"विकणार आहात का?"

"सासऱ्यांसाठी आहे हो."

मर्नाबाईंचे सासरे त्यांच्याकडे नऊ वर्षं राहून गेले होते. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं आणि परवानगी दिली. अट एकच: आमची टपालपेटी वाकडी आहे, ती आधी सरळ करावी. ती सरळ करताना पार उपटली गेली, पण तो वेगळा विषय आहे.

घरात दारू ठेवायची म्हणजे अग्निशमन कचेरीत नोंद हवी, असं कॉफीच्या टेबलावर चौघांनी शपथेवर सांगितलं होतं. मी कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईने विचारलं, किती ठेवणार? मी म्हणालो, एक डबा. ती म्हणाली, एका डब्याला फॉर्म लागत नाही. मी म्हणालो, मग तसं लिहून द्या. ती म्हणाली, फॉर्म लागत नाही असं लिहून द्यायचा फॉर्म आमच्याकडे नाही. मी सरकारी माणूस असल्याने मला हे पटलं, पण सरकारी माणूस असल्यानेच कागद न घेता मला खिडकी सोडवेना. माझ्यामागे रांग वाढत गेली. शेवटी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचा सप्टेंबर फाडला, त्याच्या मागे 'हे गृहस्थ येऊन गेले' असं लिहून शिक्का मारला. तो कागद मी चौकटीत घालून तळघरात टांगला.

प्रेस अजून घ्यायचाच होता. आणि तेव्हाच पलीकडच्या गावात एका दिवंगत माणसाच्या तळघराचा लिलाव निघाला. ऑक्टोबरातली सोन्यासारखी दुपार होती. अंगणात गवतावर टेबलं मांडली होती, चर्चच्या बायका पाव आणि सॉसेज देत होत्या, मेपलची पानं एकेक करून लिलाववाल्याच्या टोपीवर पडत होती. आणि टेबलावर तो उभा होता. हिरवा, उंच, दोन बाटल्या डोक्यावर घेतलेला, दांड्याची मूठ लोण्यासारखी गुळगुळीत. टबात बसून मी ज्याची स्वप्नं पाहिली, तो समोर उभा होता. लिलाववाला काय म्हणत होता ते मला ऐकू येत नव्हतं. मी त्या मुठीवरचं ऊन पाहत होतो. हात केव्हा वर गेला तेही कळलं नाही.

यंत्र गाडीकडे नेताना लोक माझी पाठ थोपटत होते. "वा, मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला लागलास तर," एक जण म्हणाला. दुसऱ्याने माझं नाव विचारून वहीत उतरवलं. मी सगळ्यांना मान डोलावली. घरी एल्रॉयने कुंपणापलीकडूनच यंत्राकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"वेंडेल, हा छऱ्यांची काडतुसं भरायचा प्रेस आहे. बदकांची. तबकड्यांची. पुठ्ठ्याची नि प्लास्टिकची. यात पितळी पुंगळी बसतच नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

माहीत आहे म्हटल्यावर मागे फिरता येईना. त्या वहीत लिहिलेल्या नावामुळे मी तबकडी मंडळाचा सभासद झालो होतो, आणि चार मंगळवार मला उसन्या बंदुकीने आकाशातल्या मातीच्या तबकड्यांवर बार काढावे लागले. एकूण शंभर तबकड्यांपैकी तीन फुटल्या. त्यांतली एक खाली पडल्यावर फुटली, पण ती मोजावी असं सर्वानुमते ठरलं.

शेवटी एल्रॉयलाच दया आली. त्याने आपला जुना बिडाचा प्रेस मला वापरायला दिला. त्या दुर्मिळ मापाचा साचा मी सप्टेंबरातच मागवला होता. तो शिकारीच्या शनिवारला चारच दिवस उरले असताना, मंगळवारी आला. गोळ्या आल्या, टोप्या आल्या, दारूचा डबा आला. सेल्मरकडे साठ वर्षांच्या पुंगळ्या कॉफीच्या डब्यात भरून ठेवलेल्या होत्या, कारण आमच्याकडे पितळ कुणी टाकत नाही. तो डबा द्यायला त्यांनी तीन रविवार लावले. एकदा तो सापडत नव्हता, एकदा त्यावर झाकण घट्ट बसलं होतं, एकदा आर्डिसनेच तो त्यांच्या खुर्चीमागून उचलून आणला.

गुरुवारी दुपारी मी रजा काढली. आर्डिस सेल्मरना माझ्याकडे सोडून बाजाराला गेली. ते कठडा धरून एकेक पायरी उतरत तळघरात आले आणि खुर्चीवर बसले. मी एप्रन बांधला. पिवळा दिवा लावला. साचा प्रेसवर चढवला, पुंगळी ठेवली, आणि दांडा खाली ओढला. पुंगळी साच्यात शिरली. मी दांडा वर नेला. पुंगळी आली नाही. मी जोर लावला. टेबल वर आलं, पुंगळी आली नाही. तिची बुडाची कड फाटून हातात आली आणि बाकीची साच्यात रुतून राहिली.

वंगण. पुंगळीला बाहेरून बोटाने जरासं वंगण लावल्याशिवाय ती साच्यात घालायची नसते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी अडीच महिने प्रेस निवडला, काटा निवडला, स्वतःशी पत्रव्यवहार केला, आणि त्या सगळ्यातली सर्वात लहान, बुटाच्या पॉलिशएवढी वंगणाची डबी आणायची विसरलो. मी खाली बसलो. मला रडू येत होतं, आणि ते मी लपवलं नाही.

"सेल्मर, मला माफ करा," मी म्हणालो. "सगळं वाया घालवलं मी. साचा एकच होता."

ते खुर्चीत पुढे झुकले. मग त्यांनी विचारलं, "दुरुस्तीला किती दिवस लागतील?"

"कुणास ठाऊक."

"शनिवारच्या आत होणार नाही?"

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी मान वर केली. ते माझ्याकडे पाहत नव्हते. म्हणजे पाहत होते, पण माझ्या कानाच्या जरा बाजूला.

"गेल्या वर्षी," ते हळू म्हणाले, "हंगामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ओढ्यापाशी बसलो होतो. समोर काहीतरी तपकिरी हललं. मी बंदूक उचलली, खटका मागे घेतला, बोट आत घातलं. आणि ते खोकलं."

भट्टीचा पंखा सुरू झाला. काट्याने रिकाम्या पारड्याचं वजन दाखवलं.

"एल्रॉय होता. डोक्यापासून पायापर्यंत केशरी कपड्यात. वेंडेल, मला केशरी दिसलं नाही. मधोमध काहीच दिसत नाही मला. कडेकडेचं तेवढं दिसतं. तो मला हात करून निघून गेला. मी शेवटचं काडतूस एका ओंडक्यात घातलं आणि घरी आलो."

"आणि ट्रक?"

"ट्रकला काय धाड भरलीय." ते गुडघे चोळत राहिले. "काडतुसं संपली म्हणून थांबलो, असं म्हणता येत होतं. लोकांना ते चालतं. डोळे गेले म्हटलं की उद्यापासून सगळे हात धरायला येतील. चूल बंद करतील, शेत विकायला लावतील. तेवढं एक निमित्त होतं माझ्याकडे, आणि तू म्हणालास, मी भरून देईन."

मला काय वाटलं ते मी सरळ सांगतो. मला लाज वाटली, आणि त्या म्हाताऱ्याबद्दल इतकी माया दाटून आली की ती कुठे ठेवावी ते कळेना. त्यांचे ते फोन माझ्या चोखंदळपणासाठी नव्हते. मी त्यांच्या पळवाटेवर भिंत बांधत होतो आणि ते बिचारे मला एकेक वीट अजून निरखून घ्यायला सांगत होते.

"साचा कारखान्यात पाठवावा लागेल," मी म्हणालो. "दोन-तीन महिने तरी."

"आर्डिसला सांगू नकोस."

"नाही. पण चूल विझवली की नाही ते रोज फोनवर मला सांगायचं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेणार. वरच्या गावच्या, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही."

"चालेल," ते म्हणाले.

आर्डिस बाजारातून आली तेव्हा मी तिला फाटलेली कड दाखवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जिन्यावर बसली आणि म्हणाली, "अडीच महिने, वेंडेल. एक गोष्ट मागितली होती." मी मान खाली घातली. त्या पायरीवर तिच्याशेजारी बसून खरं न सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

शुक्रवारी सकाळी एल्रॉय धावत आला. त्याला कळलं होतं. त्याच्या हातात ड्रिल होतं. "अरे, पुंगळी अडकली तर काय झालं? भोक पाडायचं, आटे पाडायचे, बोल्ट घालून ओढायची. दहा मिनिटांचं काम. आण इकडे साचा. सेल्मर उद्या रानात गेलाच पाहिजे. गेल्या वर्षी ओढ्यावर भेटला होता मला, काय ऐटीत बसला होता."

"साचा पाठवला कारखान्यात," मी म्हणालो. साचा माझ्या पँटच्या खिशात होता.

"पाठवला? आमच्या पोस्टात आज अजून कुणी पेटी उघडलेली नाही."

"खासगी गाडीने."

"वेंडेल, तुझी पँट खाली घसरतेय."

मी पट्टा धरला आणि उभा राहिलो. एल्रॉयने माझ्या चेहऱ्याकडे, पँटकडे आणि आपल्या ड्रिलकडे पाहिलं. तो भला माणूस आहे. मूर्ख माणसाशी वाद घालत नाही. "माझा प्रेस परत दे," तो एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं, की वेंडेलने वंगणाशिवाय पुंगळी घातली आणि म्हाताऱ्याचा हंगाम बुडवला.

शनिवारी दहाच्या सुमारास शिकारी रानातून परततात आणि चर्चच्या हॉलमध्ये न्याहारीला जमतात. बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं. शेतं, धान्याचे मनोरे, उभ्या गाड्या, सगळं अर्धवट आठवणाऱ्या स्वप्नातलं वाटत होतं. सेल्मर केशरी कोट घालून आले होते आणि माझा दंड धरून चालत होते. लोकांना वाटलं, ते मला पळून जाऊ देत नाहीयेत. आम्ही लांब टेबलावर बसलो, आणि मग सुरू झालं. कुणी मला लोण्याचा तुकडा देऊन म्हणालं, हे लावून बघ. कुणी विचारलं, बायकोने घरात घेतलं का? मर्नाबाईंनी सुद्धा सांगितलं, की चिटणीसाने त्या रहिवाशाला आणखी एक पत्र लिहावं.

"त्याच्यामागे लागू नका," सेल्मर मोठ्याने म्हणाले. "मनापासून करतो तो. जमत नाही, त्याला तो काय करणार?" सगळे हसले. त्यांचा आवाज गेल्या वर्षभरात इतका मोकळा लागला नव्हता. कुणीही त्यांना विचारलं नाही की तुम्ही का गेला नाहीत. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या शेजारी बसून पॅनकेक खात होतं.

"पुढच्या वर्षी तरी भरून देईल का हा?" एल्रॉयने विचारलं.

"काय रे, देशील?" सेल्मर माझ्याकडे वळले.

"माझं काही सांगता येत नाही," मी म्हणालो, आणि टेबल पुन्हा हसलं. आर्डिस पलीकडे कॉफी ओतत होती. ती हसली नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत होती. त्या दिवशी पहाटे तिने शेतावर जाऊन बापाचा ट्रक चालू करून बघितला होता, आणि गिअर लोण्यासारखे पडले होते, हे तिने मला पुढे दीड वर्षाने सांगितलं.

सेल्मरनी टेबलावर हात फिरवत मेपलच्या पाकाचा जग शोधला, उचलला, आणि आपल्या ताटाच्या वीतभर अलीकडे, कोऱ्या टेबलक्लॉथवर वाकडा केला. मी माझं ताट त्याच्याखाली सरकवलं.

"पुरे, पुरे, मला एवढा नको," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

जग क्षणभर थांबला. मग तो आणखी वाकडा झाला. "खा मुकाट्याने," सेल्मर म्हणाले. "हातात जोर नाही तुझ्या."

मी खाल्ला.